कुठे सापडलं?

शिंपल्यांचा डबा काखोटीला मारून संग्रहालयात गेले तेव्हा मनात थोडी ऐट होती. डबा पत्र्याचा, जुना, आणि आत लहानपणापासून जपलेले शंख-शिंपले. पुष्कळ निसर्ग-इतिहास संग्रहालयांत असा एक दिवस असतो: घरात पडलेलं काहीही घेऊन या, जाणकार माणसं ते काय आहे ते सांगतील. आणि लोक खरोखरच काहीही आणतात. माझ्या पुढच्या गृहस्थांनी टॉवेलात गुंडाळून एक काळा, जड दगड आणला होता. ती उल्का आहे याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. टेबलामागच्या बाईंनी दगड हातात फिरवला, त्यावरची बारीक भोकं दाखवली आणि हलक्या आवाजात सांगितलं, की ही भट्टीतून निघालेली धातूची मळी आहे. गृहस्थांनी टॉवेल पुन्हा गुंडाळला. आल्यापेक्षा जरा सैल.

मग माझी पाळी आली. बाईंनी डबा उघडला आणि भराभर नावं सांगितली. ही कवडी, हा अमका शंख, याची कड बघा कशी झिजलीय, यात नंतर खेकडा राहत होता. मी खूश. मग त्यांनी पेन्सिल उचलली.

"कुठे सापडले? कधी?"

"समुद्रावर," मी म्हणाले.

"शिंपले समुद्रावरच सापडतात," त्या म्हणाल्या आणि हसल्या. पेन्सिल खाली ठेवली.

माझ्या मागे सात-आठ वर्षांची एक मुलगी उभी होती. तिच्या काडेपेटीत एक मेलेला भुंगेरा होता. पेटीवर वाकड्या अक्षरात तारीख आणि त्याखाली 'जिन्याची तिसरी पायरी, सकाळी'. बाईंचा चेहरा उजळला. माझ्या डब्याकडे पाहून तो असा उजळला नव्हता.

मला वाईट वाटू नये म्हणून की काय, त्यांनी डार्विनची गोष्ट सांगितली. 1835 मध्ये गॅलापागोस बेटांवर त्यानं छोटे छोटे पक्षी जमवले, पण कुठला पक्षी कुठल्या बेटावरचा हे नीट लिहून ठेवलं नाही. पुढे 1837 मध्ये लंडनला जॉन गूल्ड या पक्षितज्ज्ञानं ते तपासले आणि हे सगळे एकमेकांच्या जवळच्या नात्यातले फिंच आहेत असं सांगितलं, तेव्हा त्या चिठ्ठ्यांची किंमत कळली. शेवटी जहाजाचा कप्तान फिट्झरॉय आणि इतरांनी जमवलेल्या, चिठ्ठ्या लावलेल्या पक्ष्यांवरून डार्विनला बेटं जुळवत बसावं लागलं. मला जरा बरं वाटलं. पण डार्विनला निदान कप्तान तरी होता.

त्या दिवशी मागची बाजूही बघायला मिळणार होती. आपण संग्रहालय म्हणतो ते म्हणजे दर्शनी भाग: डायनासोरचा सांगाडा, काचेमागचा वाघ आणि "हा खरा आहे का?" असं ओरडणारी पोरं. खरा पसारा मागे. लंडनच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात 8 कोटींच्या आसपास नमुने आहेत, वॉशिंग्टनच्या तशाच संग्रहालयात 14 कोटींहून जास्त. त्यातले अगदी मोजके दालनात येतात. बाकी सगळे खणांत, बरण्यांत, कपाटांत.

दालनातला पक्षी फांदीवर बसून काचेच्या डोळ्यांनी आपल्याकडे बघतो. खणातले पक्षी उताणे, ओळीनं, डोळ्यांच्या जागी कापूस. पाय जुळवून बांधलेले आणि पायाला दोऱ्यानं एक चिठ्ठी. ठिकाण, तारीख, नर की मादी, कोणी गोळा केला. बरणीतल्या माशाची चिठ्ठी तर माशासोबत स्पिरिटमध्येच बुडवलेली असते, कारण बाहेर चिकटवलेली आज ना उद्या गळून पडते. म्हणून ती पेन्सिलनं किंवा न विरघळणाऱ्या शाईनं लिहायची. काही खणांत लाल चिठ्ठी दिसली, की आवाज आपोआप खाली येतो. ज्या नमुन्यावरून त्या जातीला नाव दिलं तो हा. जगात कुठेही वाद झाला तर निवाडा याच्यासमोर.

या सगळ्याचा वैरी एवढासा असतो. केसाळ अळ्यांचे बारीक भुंगेरे, दोन-तीन मिलिमीटरचे. कीटकांच्या पेटीत शिरले तर काही महिन्यांत नुसती भुकटी, टाचणी आणि चिठ्ठी उरते. चिठ्ठीशिवाय नमुना ही एक आपत्ती आणि नमुन्याशिवाय चिठ्ठी ही दुसरी. पूर्वी यावर डांबरगोळ्या आणि विष हाच उपाय होता. अठराव्या शतकात बेकर नावाच्या फ्रेंच माणसानं सोमलाचा साबण काढला. तो कातड्याला आतून चोपडला, की कीड फिरकत नसे. म्हणून जुन्या पक्ष्यांना आजही हातमोजे घालूनच हात लावतात. आता नवा नमुना आला, की आधी त्याची रवानगी फ्रीजरमध्ये, उणे तापमानात, आतली कीड मरेपर्यंत. खिडक्यांच्या कोपऱ्यांत चिकट सापळे. दर काही दिवसांनी कोणीतरी वाकून त्यात कोण अडकलंय ते मोजतं आणि वहीत लिहितं. त्याचीही तारीख, त्याचंही ठिकाण!

गंमत अशी, की याच भुंगेऱ्यांचे सख्खे चुलत भाऊ संग्रहालयात नोकरीला असतात. सांगाडा स्वच्छ करायचा म्हणजे हाडांवरचं मांस काढायचं, आणि ते माणसाच्या सुरीपेक्षा त्यांच्या अळ्या फार नाजूकपणे करतात. उंदराच्या बरगड्यासुद्धा मोडत नाहीत. फक्त त्यांची खोली वेगळी, दारं घट्ट. काम झालेला सांगाडाही आधी फ्रीजरमध्येच, चुकून एखादा कामगार हाडात लपून पुढे जायला नको म्हणून. जो धंद्याला लावला तोच मोकळा सुटला तर घर खाईल, असं हे नातं.

बाकीचं काम मात्र चारचौघांच्या घरातलं. धूळ पुसणे. न्यूयॉर्कच्या संग्रहालयात छताला 94 फुटी निळ्या देवमाशाची प्रतिकृती टांगलेली आहे, तिच्यावरची धूळ दरवर्षी माणूस वर चढवून व्हॅक्यूमनं ओढून घेतात. मला तो माणूस आपला वाटला.

चिठ्ठी खोटी असेल तर काय होतं, याची गोष्ट मला आधीपासून माहीत होती, पण खणांसमोर उभं राहून ती वेगळी वाटली. रानपिंगळा हे लहानसं घुबड. एकोणिसाव्या शतकात गोळा केलेल्या मोजून सात कातड्यांवरूनच जगाला ठाऊक. त्यातलं शेवटचं 1884 चं. पुढे रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाच्या इंग्रज कर्नलनं सांगितलं, की मला हा पक्षी 1914 मध्ये गुजरातेत मांडवीला मिळाला. झालं, लोक तिकडे शोधत राहिले. प्रत्यक्षात कर्नलसाहेबांनी संग्रहालयातलंच जुनं कातडं चोरून, पुन्हा भरून, त्यावर स्वतःची चिठ्ठी लावली होती. पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षितज्ज्ञ बाईंनी ही लबाडी उघडी पाडली. मांडवी बाजूला ठेवून त्या आणि त्यांचे सहकारी खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या ठिकाणी गेले, आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, भर दिवसा एक रानपिंगळा झाडावर बसलेला दिसला. 113 वर्षं तो बिचारा आपल्या पत्त्यावरच होता.

आणि कधी कधी चिठ्ठी लिहिणाऱ्याला माहीतही नसतं, की ती कशासाठी लागणार आहे. पक्ष्यांची अंडी जमवणं हा एके काळी नुसता शौक होता. 1967 मध्ये डेरेक रॅटक्लिफ यांनी ब्रिटनमधल्या बहिरी ससाण्याची जुनी अंडी तपासली, तर 1940 च्या दशकाच्या शेवटापासून कवच एकदम पातळ झालेलं. डीडीटी या कीटकनाशकावरच्या संशयाला बळ मिळालं ते या तारखांमुळे. शिकागोच्या संग्रहालयातल्या चंडोलांसारख्या पक्ष्यांच्या पोटावरची काजळी मोजून कोणी 135 वर्षांच्या हवेचा हिशेब मांडला. तो पक्षी पकडणाऱ्यानं काजळीचा विचार केला असेल? त्याला तर ती घाणच वाटली असणार.

रिओ द जानेरोचं राष्ट्रीय संग्रहालय 2 सप्टेंबर 2018 च्या रात्री जळालं. त्याच्या दोन वर्षं आधी, एप्रिल 2016 मध्ये, दिल्लीचं राष्ट्रीय निसर्ग-इतिहास संग्रहालय. याविषयी बोलताना आमच्याबरोबरच्या बाई गप्प झाल्या आणि त्यांनी एक खण विनाकारण ढकलून नीट बंद केला.

घरी येऊन ताईला फोन लावला. डब्यातली एकेक वस्तू वर्णन करून सांगितली. ती थोडा वेळ "हं, हं" करत राहिली. मग म्हणाली, "ती मोठी कवडी ना? ती मामाकडे गेलो होतो त्या सुट्टीतली. तुझा हात प्लास्टरमध्ये होता बघ. तू वाळूत बसून रडत होतीस."

हात मोडला ते वर्ष मला पक्कं आठवत होतं. कागदाचा बारीक तुकडा फाडला, पेन्सिलनं गाव लिहिलं, महिना, वर्ष. त्याखाली 'कोणी गोळा केलं' अशी ओळ आखली आणि थांबले.

"लिहिलंस का?" ताई तिकडून म्हणाली. "कारण ती कवडी मला सापडली होती. आणि डब्यातले निम्मे शिंपले माझे आहेत."