तिसरा कान

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पाहुण्यांना ब्रिटिश म्युझियम दाखवायला नेलं की कोणीतरी विचारतंच, "एवढ्या मूर्ती सोडून या घड्यांपाशी काय उभ्या राहता?"

या प्राचीन ग्रीक घड्याला हायड्रिया म्हणतात. नावातच पाणी आहे. ग्रीकमध्ये पाणी म्हणजे 'हुदोर'. त्याला तीन कान. पोटाच्या दोन बाजूंचे दोन आडवे कान भरलेला घडा उचलायला. तिसरा पाठीमागे, उभा, ओतताना धरायला. पाण्याचं ओझं ठाऊक असलेल्या माणसानेच हे घडवलं असणार.

इसवी सनापूर्वी 520 च्या आसपास अथेन्समध्ये रंगवलेल्या कित्येक हायड्रियांवर पाणवठ्याचंच चित्र आहे. शहराचा सत्ताधीश पिसिस्ट्राटस आणि त्याच्या मुलांच्या काळात तिथे पाण्याची मोठी कामं झाली होती. चित्रात खांबांचा मंडप, भिंतीतल्या सिंहमुखातून पडणारी धार, खाली घडा लावून थांबलेली बाई. बाकीच्या बोलत उभ्या. येणारीच्या डोक्यावर रिकामा घडा आडवा झोपवलेला, जाणारीच्या डोक्यावर भरलेला सरळ उभा. मध्ये चुंबळ! ती पहिल्यांदा दिसली तेव्हा मी काचेला नाक लावून बघत राहिले. आमच्या गावच्या विहिरीवरून आई अशीच यायची.

त्या बायका गृहिणी की दासी, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. काहींची नावं मात्र शेजारी लिहिलेली आहेत. त्यांच्या अंगाला दिलेला पांढरा रंग बऱ्याच ठिकाणी झिजलाय. काळा टिकलाय, कारण तो मुळात मातीच: बारीक गाळलेल्या मातीचा लेप भट्टीतली हवा कोंडून काळा केलेला.

असे बरेच घडे इटलीतल्या एट्रुस्कन या प्राचीन लोकांच्या थडग्यांत सापडले. रोज पाणी आणायला साधी मडकीच असणार.

पण मला सगळ्यात जवळची वाटते ती हायड्रिया खरी नाही, चित्रातली आहे. फ्लॉरेन्समध्ये 'फ्रान्स्वा व्हाज' नावाचं मोठं भांडं आहे, इसवी सनापूर्वी 570 च्या सुमाराचं. त्यावर ट्रॉयच्या युद्धकथेतला ग्रीक वीर अकिलीस, घोड्यावरच्या ट्रॉयलसचा, म्हणजे ट्रॉयच्या राजपुत्राचा पाठलाग करतोय. ट्रॉयलसची बहीण पॉलिक्सेना पाण्याला आली होती, तीही जीव घेऊन पळतेय. तिच्या हातून सुटलेला घडा घोड्यांच्या पायांखाली पडलाय. चित्रकार क्लायटियसने माणसांची नावं लिहिली, तशी त्या घड्याशेजारीही लिहून ठेवलीत अक्षरं: हायड्रिया.