यस्ते दोमा?

दुपारी कुरिअरवाल्याचा फोन, अर्थात चेक भाषेत. "पानी कुल्कर्निओवा, यस्ते दोमा?" "आनो, दोमा," म्हटलं, खालचं दार उघडून दिलं, कुकरची रिंग घेतली, सही केली. झालं एवढंच, पण तेव्हापासून चैन नाही.

घरी आहात का? आहे. यात जिवाला लागण्यासारखं काय? पण 'दोमा' इतक्या सहज निघालंच कसं तोंडातून? फ्लॅट भाड्याचा, फर्निचर मालकिणीचं, पडदेसुद्धा माझे नाहीत. आईला तर मी अजून 'रूमवर पोचले' असंच कळवते, चाळिशी आली तरी.

चेकमध्ये घरी असणं म्हणजे 'दोमा' आणि घरी जाणं म्हणजे 'दोमू'. आपलं 'घरी' दोन्हीकडे चालून जातं, त्यामुळे कधी अडलं नाही. इथे डिसेंबर आला की ऑफिसात विचारतात, दोमू जाणार का? ते पुण्याबद्दल असतं. म्हणजे मी असते एका घरी आणि जाते दुसऱ्याच घरी, तेही अगदी व्याकरणशुद्ध.

बेलग्रेडवाली मैत्रीण म्हणते, आमच्या सर्बियनमध्ये घरी म्हणजे 'कोद कुचे'. कुचा म्हणजे घर. रशियनमध्ये पुन्हा जोडी, दोमा आणि दमोय. पोलिश माणूस स्वतःच्या घरी असला की 'उ शेब्ये', म्हणजे जवळजवळ आपलं 'आपल्याकडे'. हे मात्र मनात बसलं. आपल्याकडे म्हटलं की घर, गाव, देश, काही वेगळं सांगावं लागत नाही. पण समोर तसं कोणी हवं ना. इथे कोणाला म्हणू?

आणि हा 'दोम' म्हणजे आपल्या 'दंपती'तला दम्. घर. दंपती... जाऊ दे, तो विषय आज नको.

तरी कसं निघालं? जरा तरी अडखळायचं होतं.

संध्याकाळी वरणाचा कुकर लावला. नव्या रिंगने शिट्टी वेळेवर झाली, आणि भूक लागली की स्वतःची कीव फार वेळ करता येत नाही. मग आठवलं, या देशाचं राष्ट्रगीतच मुळी 'क्दे दोमोव मुय', माझं घर कुठे, असं विचारत सुरू होतं. १८३४ सालच्या नाटकातलं पद, प्रागच्याच रंगमंचावर एका आंधळ्या फिडलवाल्याच्या तोंडी. उत्तर देतात, पण त्याआधी खळाळतं पाणी, खडकांवरची पाइनची झाडं, बहरलेल्या बागा असं सगळं फिरून येतात. दोनशे वर्षं होत आली, हॉकीची मॅच जिंकली की अजून खांद्याला खांदा लावून हेच विचारतात. मी एक दुपार घेतली तर काय बिघडलं!