चवथीतला शटडाउन आणि खुर्चीपलीकडचं वजन

गोव्यातल्या वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत प्लांट सांभाळणाऱ्याच्या हाताखाली कागदावर दीड-दोनशे माणसं असतात. पण ज्यांच्याकडून रोज काम करून घ्यायचं, त्यातली बरीचशी त्याच्या हाताखाली नसतातच. खरेदी मुंबईच्या ऑफिसला उत्तर देते, एचआर आणखी कुणाला. औषधाच्या कारखान्यात तर ही फारकत मुद्दाम ठेवलेली असते. औषधनिर्मितीच्या नियमांतल्या शेड्यूल एमप्रमाणे उत्पादनाचा प्रमुख आणि क्वालिटी कंट्रोलचा प्रमुख एकमेकांपासून स्वतंत्र असावे लागतात. पात्रांव, म्हणजे साहेब, केवढाही मोठा असो, बॅच बाजारात सोडायचा शब्द क्वालिटीचाच. अशा जागी खुर्चीचा हुकूम चार पावलांवर संपतो, पुढचं सगळं वजनावर चालतं.

हे वजन कसं तयार होतं ते एकाच कामावरून सांगतो, कारण हवेत बोलून या विषयात काही हाती लागत नाही. काम असं: वर्षाचा देखभालीचा शटडाउन चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आठवड्यात घ्यायचा. तसंही त्या आठवड्यात हजेरी कोसळते. वास्कोच्या फ्लॅटमधला माणूससुद्धा मूळ घरी, पेडण्याला नाहीतर सत्तरीला गेलेला असतो. मशीन अर्ध्या माणसांवर रखडत चालवण्यापेक्षा बंद ठेवून उघडलेलं बरं, हा विचार बरोबरच आहे. तरीही ज्यांनी तो थेट मीटिंगमध्ये मांडला, त्यातल्या बहुतेकांचा तो तिथेच आपटतो. विचारात खोट नसते, पण खोलीतल्या प्रत्येकाला तो त्याच क्षणी पहिल्यांदा कळलेला असतो.

म्हणून आधी एक पान घ्यायचं आणि चार रकाने आखायचे. कोणाला याची झळ बसणार, त्याचं काय जाणार, त्याला काय मिळणार, आणि त्याचा शब्द कोण ऐकतं. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच रिकामा राहतो. छापील तक्त्यात नसलेली माणसं त्यात येतात: टाइम ऑफिसचा क्लार्क, स्टोअरमधला जुना माणूस, मडगावहून येणाऱ्या कंपनी बसचा ड्रायव्हर, युनियनच्या कमिटीतले दोघे. बसमधल्या पाऊण तासात जेवढं ठरतं, तेवढं कॉन्फरन्स रूममध्ये महिन्यात ठरत नाही.

मग एकेकाला भेटायचं, वीस मिनिटं, त्याच्या जागेवर जाऊन. आपल्या केबिनमध्ये बोलावलं की ती भेट राहत नाही, बोलावणं होतं. जपानी कारखान्यांत या पद्धतीला नेमावाशी म्हणतात. मूळ शब्द बागकामातला, झाड दुसरीकडे हलवण्याआधी मुळांभोवतीची माती मोकळी करून घेणं. कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, हात घातलेल्याला हे वेगळं समजावायला नको.

क्रमाला महत्त्व आहे. बहुतेक जण आधी आपल्या बाजूच्या माणसांकडे जातात, कारण ते सोपं असतं. पण 'यांचं आधीच ठरलंय' ही बातमी संध्याकाळपर्यंत सगळीकडे पोचते आणि ज्याचं सगळ्यात जास्त जाणार आहे तो तयारीने बसतो. पहिली भेट त्याचीच घ्यायची. इथे तो म्हणजे मेंटेनन्सचा प्रमुख. 'मला पाठिंबा द्या' असं म्हणायचं नाही. 'चवथीत शटडाउन घ्यायचा म्हटलं तर तुमचं काय अडतं?' एवढंच विचारून गप्प बसायचं. पहिलं उत्तर बहुधा तांत्रिक येतं: स्पेअर नाहीत, वेळ कमी आहे. खरी अडचण दहाव्या मिनिटाला बाहेर येते. आपल्या चार फिटरना 'गणपती सोडून या' हे सांगायला जाणार तो, आणि त्यांच्या घरच्यांची नाराजीही त्याच्याच माथी बसणार.

इथे उत्तर सापडतं, आणि ते त्याच्या तोंडून यावं हे जास्त चांगलं. कुणाच्या घरी गणपती किती दिवसांचा, हे विचारून यादी करायची. २०२६ साली चवथ १४ सप्टेंबरला, सोमवारी येते. दीड दिवसाचा गणपती मंगळवारी संध्याकाळी पोचवला जातो, म्हणजे ती माणसं बुधवारी, १६ तारखेला कामावर येऊ शकतात. पाच दिवसांचा शुक्रवारी १८ला जातो, ती माणसं शनिवारपासून. सात दिवसांची सोमवार २१पासून. मग बुधवारी मशीन उघडणं, सफाई आणि बाहेरच्या एजन्सीचं काम, आणि जोडणी, अलाइनमेंट, ट्रायल ही हातखंड्याची कामं पाच दिवसवाले परतल्यावर. सोमवार-मंगळवारी कोणालाच बोलवायचं नाही. वरून दोन दिवस वाया गेल्यासारखे दिसतात, पण पुढचे सगळे दिवस माणसं मनापासून राबतात.

एक चूक हमखास होते. 'ख्रिश्चन कामगार आहेतच, ते चवथीत येतील' असं गृहीत धरलं जातं. कामगार आपापसात चवथ आणि नाताळ अशी अदलाबदल करतातही, पण ती त्यांची देवघेव असते. वरून लादली की तिचा सूड डिसेंबरात निघतो. ज्यांना यायला सांगायचं त्यांना स्वतंत्रपणे विचारावं, आणि त्या बदल्यात २४ आणि २५ डिसेंबरची सुट्टी त्याच दिवशी रजिस्टरवर लिहून टाकावी.

बाकीच्यांकडे लवकर होतं. खरेदीला आठ आठवडे हवेत, म्हणजे सील, बेअरिंग, गॅस्केटची यादी २० जुलैला त्यांच्या टेबलावर पाहिजे. ती ऑगस्टमध्ये देऊन वर 'खरेदीमुळे अडलं' म्हणणाऱ्याचा शब्द पुढच्या वर्षी कोणी धरत नाही. डिस्पॅचला आधीच्या तीन आठवड्यांत जादा साठा करून द्यावा लागतो. बॉयलरची तपासणी त्याच काळात बसवायची असेल तर निरीक्षकाची तारीख आधी पक्की करावी, कारण चवथीला पणजीतली सरकारी ऑफिसंही बंदच असतात. क्वालिटीकडे मात्र घाई करायची नाही. त्यांना विचारायचं ते असं: कुठल्या उपकरणांचं कॅलिब्रेशन या काळात संपतंय, कुठल्या बदलासाठी चेंज कंट्रोल, म्हणजे बदलाच्या मंजुरीची नोंद, आधी उघडायला हवा, सुरू करण्यापूर्वी किती दिवस तुमचे. त्यांनी तीन दिवस सांगितले तर आराखड्यात तीनच लिहायचे. तिथे दोन लिहून मग तिसऱ्या दिवशी दबाव आणणं ही सगळ्यात महाग पडणारी हुशारी आहे. स्वतंत्र असलेल्या माणसाचा विश्वास एकदा गेला की तो प्रत्येक कागद दोनदा वाचायला लागतो, आणि तसा त्याचा हक्कच असतो.

प्रत्येक भेटीनंतर त्याच दिवशी चार ओळींची मेल जायला हवी. नमुना साधा: 'आज बोललो त्याप्रमाणे शटडाउन बुधवार १६पासून. फिटरची यादी गणपतीच्या दिवसांप्रमाणे तुम्ही ३१ जुलैपर्यंत देणार. बाहेरची एजन्सी मी बघणार. काही चुकीचं लिहिलं असेल तर उद्यापर्यंत सांगा.' शेवटचं वाक्य गाळायचं नाही. त्यामुळे मेल पुरावा गोळा केल्यासारखी वाटत नाही, आणि तरीही गरज पडली तर पुरावा असतेच.

आता 'पळोवया' या शब्दाबद्दल. आपल्याकडे तोंडावर नाही म्हणत नाहीत. 'जाता, पळोवया' (होतं, बघूया) म्हटलं की नवख्याला वाटतं होकार मिळाला. मिळालेला नसतो. होकार देऊन हातपाय न हलवणं हा ऑफिसातल्या राजकारणाचा इथला सगळ्यात रुळलेला प्रकार आहे, आणि त्यावर चिडून उपयोग नाही. तिथेच दोन प्रश्न विचारायचे: 'यात आडवी येणारी गोष्ट कुठली?' आणि 'पहिलं पाऊल कधी पडेल?' पहिलं पाऊल इतकं लहान मागायचं की आठवड्यात दिसलं पाहिजे, नुसती नावांची यादी सुद्धा चालेल. ती आली नाही तर अडचण अजून बोललीच गेलेली नाही, असं समजून परत जायचं. दुसऱ्या वेळीही आली नाही, तर दोघांच्या वरच्या माणसाकडे दोघांनी मिळून जायचं, आधी त्याला सांगून. पाठीमागून गेलात तर काम होतं, पण पुढचे पाच वर्षं तो माणूस तुमच्या वाटेत उभा राहतो.

वरिष्ठाला सीसीत ठेवून पाठवलेली तक्रारीची मेल हा दुसरा प्रकार. तिला मेलनेच उत्तर दिलं की सगळं खातं प्रेक्षक बनतं. फोन उचलावा, नाहीतर चालत जावं, गोष्ट मिटवावी आणि मग सगळ्यांना दोन ओळी: 'बोलणं झालं, असं ठरलं.' दोष कोणाचा यावर एक शब्दही नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर भांडण सुरू झालं तरी हेच, फक्त जास्त झटपट. श्रेय पळवणाऱ्यांसाठी वेगळा बंदोबस्त लागत नाही, काम सुरू असतानाच दर आठवड्याच्या नोंदीत कोणी काय केलं ते नावानिशी लिहीत गेलं की पळवायला काही उरत नाही. कनिष्ठाचं नाव वरच्या मीटिंगमध्ये घेणं हे तर फुकटात मिळणारं वजन आहे. तरी लोक त्यात कंजुषी का करतात ते मला खरंच कळत नाही.

गोव्यात आणखी एक गोष्ट धरून चालावी लागते. २०११च्या जनगणनेत आपली लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती. एवढ्याशा राज्यात स्टोअरचा माणूस आणि ठेकेदार एकाच देवस्थानचे महाजन (परंपरागत हक्कदार) निघतात, क्वालिटीची बाई तुमच्या शेजाऱ्याची सून असते. ऑफिसातलं नातं आणि गावातलं नातं वेगळं काढताच येत नाही. म्हणून गैरहजर माणसाबद्दल जे बोलाल ते जत्रेत त्याच्या कानावर जाणार असं समजूनच बोलावं. आणि आपल्या नात्यातला कोणी निविदेत किंवा मुलाखतीत असेल तर ते कोणी विचारण्याआधी लेखी कळवून त्या निर्णयातून बाजूला व्हावं. उशिरा कळलेलं नातं, व्यवहार स्वच्छ असला तरी, लपवलेलं वाटतं.

भाषेचंही असंच. मीटिंग हिंदी-इंग्रजीत चाललेली असते आणि नेमक्या कळीच्या क्षणी चौघे कोकणीत उतरतात, ठरवतात आणि मग इंग्रजीत मिनिट्स निघतात. ओडिशाहून आलेल्या इंजिनिअरला निर्णय कागदावर कळतो. उलट बाजूने, बाहेरून आलेला वरिष्ठ फाड फाड इंग्रजी बोलतो आणि फ्लोअरवरचे सुपरवायझर मान हलवत राहतात. 'स्थानिक' आणि 'भायले' असे गट पडतात त्याचं मूळ बऱ्याचदा एवढंच असतं. उठण्यापूर्वी निर्णय सगळ्यांना समजेल त्या भाषेत एकदा मोठ्याने म्हणायचा आणि ज्याचं काम आहे त्याला तो त्याच्या शब्दांत परत सांगायला लावायचा, दोन मिनिटं लागतात. जेवणाचं टेबलही रोज तेच ठेवू नये. साहेब कोणाबरोबर जेवतो याची नोंद ठेवणारे प्रत्येक कॅन्टीनमध्ये असतात.

वरच्या साहेबाशी आठवड्याला दहा मिनिटं पुरतात. त्याला अडचण नेऊन द्यायची ती दोन वाटांसह, आणि प्रत्येक वाटेची किंमत सांगून. वाईट बातमी त्याला तिसऱ्याकडून कळता कामा नये, बस.

आणि काही गोष्टी राजकारण म्हणून हाताळायच्याच नाहीत. लॅबच्या नोंदीत मागाहून आकडा बदलला, कोणी पैसे घेतले, कुणा बाईने छळाबद्दल सांगितलं, तर तिथे चहा पाजून समेट घडवणारा नेता गुन्ह्यात भागीदार होतो. लैंगिक छळाच्या बाबतीत २०१३चा कायदा स्पष्ट आहे. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवी. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करता येते, कारण पटलं तर समिती ती मुदत आणखी तीन महिन्यांपर्यंत वाढवू शकते, आणि चौकशी ९० दिवसांत पुरी व्हायला हवी. प्रमुखाचं काम एवढंच की ऐकून घ्यावं, समितीचा रस्ता दाखवावा, लेखी द्यायला मदत लागली तर ती करावी, आणि तोंड बंद ठेवावं. 'बघूया, मी बोलतो त्याच्याशी' हे वाक्य तिथे सगळ्यात घातक.

शटडाउन संपल्यावर त्याच चार रकान्यांच्या पानावर पाचवा आखायचा: कोणी आपलं काय सोडलं. गणपती पोचवून दुसऱ्या दिवशीच आलेला फिटर, सुट्टीत फोन उचललेली खरेदीतली बाई, वेळेआधी कागद मोकळे केलेला क्वालिटीचा माणूस. ते पान डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात काढायचं, नाताळची पाळी लावण्यापूर्वी, आणि टाइम ऑफिसच्या क्लार्कसमोर बसून एकेक नाव त्या पाळीतून वगळायचं.