काळ्या द्राक्षांचे सरबत

मार्च सरता सरता सांगलीत ऊन तापू लागते आणि बाजारात तासगावकडची काळी द्राक्षे अजून मिळत असतात, तेव्हा आमच्या घरी सरबताचे पातेले चढते. स्वच्छ धुतलेली अर्धा किलो द्राक्षे वाटीभर पाण्यात मंद आचेवर ठेवावीत. साली तडकून पाणी जांभळे झाले की गॅस बंद करावा, कारण रंग गरात नसून सालीत असतो. मिक्सर मी वापरत नाही, बिया भरडल्या गेल्या की सरबत तुरट होते. पळीने चेपून मलमलीच्या फडक्यातून गाळलेल्या रसात सैंधव, भाजलेल्या जिऱ्याची पूड घालून लिंबू पिळले, की जांभळा रंग डोळ्यांदेखत लालसर होतो. साखर चव पाहूनच घालावी. पाणी माठातलेच घ्यावे. बर्फाने द्राक्षांचा स्वाद दबतो, असे माझे ठाम मत आहे.