आठ मात्रांत हाताला सापडणारा अँप

जून, दुसरा रविवार

गिटारचा अँप (आवाज मोठा करणारा अँप्लिफायर) बदलायचा, हे काल रात्री सायनला ठरलं. दादरच्या साखरपुड्याची सुपारी वाजवून परतत होतो. रिक्षा सायनच्या दक्षिणेला, दादरकडे, येत नाही, म्हणून सायनला टॅक्सीतून अँप उतरवायचा, फुटपाथवर ठेवायचा आणि भांडुपला यायला तयार होणारी रिक्षा शोधायची. पाऊस भुरभुरत होता, अँपवर बिग शॉपरची पिशवी उलटी घातली होती आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: दुसऱ्या गाण्याचा अंतरा.

आम्ही पाच जण आहोत. गायिका, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी आणि गिटारवर मी. बास गिटार नाही, ते काम कीबोर्डवाल्याचा डावा हात करतो. तीन रात्री हेडफोन लावून मी त्या गाण्याचा टोन बनवला होता. घरी तो सुंदर वाजत होता, गोल, भरलेला. हॉलमध्ये पहिला कॉर्ड वाजवला आणि सगळा चिखल. कीबोर्डचा बास, ढोलकीचा घुमारा आणि माझ्या खालच्या दोन तारा एकमेकांत कालवल्या गेल्या. गायिकेने मागे वळून बघितलं. मला फक्त बास थोडा कमी करायचा होता.

माझ्या जुन्या डिजिटल अँपमध्ये (कंपनीचं नाव लिहीत नाही, त्याचा आवाज मला आजही आवडतो) त्यासाठी मेनूत जायचं, एडिट दाबायचं, अँपच्या पानावर यायचं, पुढच्या पानावर सरकायचं, बास निवडायचा आणि मग नॉब फिरवायचा. तोवर अंतरा संपला होता. घाईत व्हॉल्यूमच्या नॉबला धक्का लागला आणि आवाज एकदम दुप्पट झाला. कारण साधं आहे. प्रीसेट (आधी साठवून ठेवलेला टोन) उघडला की आतला आकडा वेगळा असतो आणि नॉबचा काटा भलतीकडे असतो. नॉब जरा हलवला की अँप आतला आकडा सोडून काट्यावर उडी मारतो. पहिल्या रांगेतल्या आजींनी कानावर हात ठेवला, ते मला विसरता येत नाही.

जून, शेवटचा आठवडा

घरचा टोन स्टेजवर का फसतो, हे नीट समजून घेतलं. नव्याने शिकणाऱ्यांसाठी लिहून ठेवते. हळू आवाजात आपल्या कानाला खालचे आणि वरचे स्वर कमी ऐकू येतात, मधले जास्त. फ्लेचर आणि मन्सन यांनी हे 1933 मध्येच मोजून दाखवलं होतं. म्हणून घरी, शेजारी झोपलेले असताना, आपण नकळत बास आणि ट्रेबल वाढवतो. तोच टोन हॉलच्या आवाजात गेला की बास फुगतो, ट्रेबल टोचतो आणि मध्य, म्हणजे जिथे गिटार खरी ऐकू येते, तिथे खड्डा पडतो. त्यात गिटारची सहावी तार मोकळी वाजवली तर ती 82 हर्ट्झवर असते. तिथे आमच्या कीबोर्डचा डावा हात आधीच पाय पसरून बसलेला आहे.

म्हणजे टोन कितीही मन लावून बनवला तरी स्टेजवर तो बदलावा लागणारच. हॉल वेगळा, छत वेगळं, लोक आल्यावर घुमणारा आवाज वेगळा. मग अँप निवडताना प्रश्न हा, की कानाला खटकलं तिथून ते दुरुस्त होईपर्यंत किती हालचाली लागतात. आतमध्ये शंभर प्रीसेट आहेत की दोनशे, याला मी आता काहीच किंमत देत नाही.

आमच्या गल्लीत बेंजो वाजवणारे एक काका आहेत. गणपतीच्या मिरवणुकीत चालत्या टेम्पोवर उभे राहून वाजवतात, खाली रस्ता हलतो, बाजूला ताशा कडकडतो. त्यांना सहज विचारलं, "काका, मध्येच आवाज कमीजास्त करायचा झाला तर?" त्यांनी बेंजो उलटा धरून दाखवला. व्हॉल्यूमच्या बटणाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला होता. "घामाने सटकत नाही बाळा. आणि न बघता सापडतं." मी त्या रबराच्या तुकड्याचा फोटो काढून ठेवला आहे.

जुलै

दुकानं फिरले. धोबीतलावला जेर महालमधलं फुर्टाडोज आणि उपनगरातली आणखी दोन. जाताना स्वतःची गिटार नेली. दुकानातल्या महागड्या गिटारवर सगळेच अँप गोड वाजतात.

माझी चाचणी मी स्वतःच ठरवली: केरव्याचं एक आवर्तन, आठ मात्रा. फोनवर मेट्रोनोम मिनिटाला 100 मात्रांवर लावायचा, म्हणजे आठ मात्रांना 4.8 सेकंद. डाव्या हाताने कॉर्ड धरून ठेवायचा, तो घुमत असताना उजव्या हाताने काम करायचं आणि पुढच्या समेला परत वाजवायला हजर व्हायचं. कामं तीन. बास कमी करणे, सोलोसाठी आवाज आणि मध्य वाढवणे, रिव्हर्ब (अँपने घातलेला घुमारा) बंद करणे. प्रत्येक काम एका आवर्तनात बसलं पाहिजे. नंतर तेच डोळे मिटून.

डोळे मिटून ही गोष्ट उगाच नाही. आमच्या स्टेजवर लाल किंवा निळे एलईडी पार लाइट असतात. अशा प्रकाशात अँपवरच्या दिव्यांचे रंग आणि नॉबवरची रेघ ओळखणं अवघड जातं.

फेंडरचा मस्टँग एलटी 25 आवडला. 25 वॉट, आठ इंची स्पीकर, छोटा रंगीत पडदा, उचलायला हलका. सराव आणि रेकॉर्डिंगला मी तो डोळे झाकून घेईन. पण टोनचा बराचसा कारभार पडद्यावरून चालतो आणि माझी अडचण नेमकी पडदाच आहे. पॉझिटिव्ह ग्रिडच्या स्पार्कचं फोनवरचं ॲप फारच छान आहे, घरी तासन्‌तास रमायला होतं. मला मात्र स्टेजवर फोन हातात घ्यायचा नाही. घामट बोटं, मध्येच आलेला फोन, हे सगळं गाण्याच्या आड येतं.

शेवटी दोघांत अडकले. लाइन 6 चा कॅटलिस्ट 60 आणि बॉसचा कटाना 50 मार्क 2. दोघांचाही चेहरा जुन्या अँपसारखा, गेन (आवाज किती फाटावा ते), बास, मिडल, ट्रेबल, मास्टर (एकूण आवाज) सगळं समोर. कॅटलिस्टला मागे एक्सएलआर (माइकच्या वायरीसारखी जोडणी) आहे, थेट मिक्सरला वायर देता येते, ही मोठी सोय. कटानावर पाच मूळ आवाज (अकूस्टिक, क्लीन म्हणजे स्वच्छ, क्रंच म्हणजे जरा फाटलेला, लीड, ब्राउन), चार टोन साठवायची जागा आणि एक पॅनल नावाचं बटण. या बटणासाठीच मी तो घेतला.

पॅनल दाबलं की साठवलेलं सगळं बाजूला राहतं आणि नॉब जिथे आहेत तोच आवाज येतो. काटा 10 वर तर आवाजही 10 चा. साखरपुड्याला मला जे हवं होतं ते एका बोटाखाली आहे. काही बिघडलं, टोन हरवला, चुकीचा चॅनल (साठवलेला टोन) दाबला गेला, तर पॅनल दाबायचं, की तो साधा अँप होतो. रोलँडचा जेसी 120 हा 1975 पासून जगभरच्या स्टेजवर टिकून आहे. त्याचा क्लीन आवाज मोठा आहेच, पण समोर जे दिसतं तेच ऐकू येतं, हेही कारण आहे असं मला मनापासून वाटतं.

वजन 11.6 किलो. सायनला उतरवायचा असल्याने हा आकडा मी दोनदा तपासला. 100 वॉटचा मोह झाला होता, सोडला. 50 चे 100 वॉट केले तर फरक फक्त 3 डेसिबलचा पडतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. हॉल मोठा असेल तर स्पीकरसमोर माइक लागणारच आहे.

ऑगस्ट

महिनाभर हेडफोनला हात लावला नाही. रविवारी दुपारी कीबोर्डवाल्याच्या ऑफिसच्या रिकाम्या गोदामात अँप पूर्ण आवाजात लावून, सगळे वाजवत असतानाच टोन बनवले. घड्याळाच्या काट्यांत सांगते, 12 म्हणजे नॉब मधोमध: बास घरी 1 वर होता, तिथे 10 वर आला. मिडल 11 वरून 2 वर. गेन मला वाटत होता त्याच्या निम्मा. रिव्हर्ब जवळजवळ शून्य, कारण हॉल स्वतःच भरपूर घुमतो. एकटी वाजवताना हा टोन कोरडा, नाकातला वाटतो. ढोलकी आणि आवाज सुरू झाला की तो बरोबर आपल्या जागी जाऊन बसतो. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर माझी दोन वर्षं वाचली असती.

चार जागांत चारच टोन ठेवले. पहिला साधा क्लीन, भावगीतांसाठी. दुसरा तोच, पण सोलोसाठी आवाज जरा वर आणि मिडल वाढवलेला. तिसरा क्रंच. चौथा क्लीनवर कोरस (एकाच वेळी दोन गिटार वाजल्यासारखा परिणाम), जुन्या हिंदी गाण्यांना. पहिल्या दोघांत मूळ आवाज एकच ठेवला, म्हणजे बदलताना ऐकणाऱ्याला गिटार बदलल्यासारखं वाटत नाही. चॅनल बदलायला दोन बटणांचा फूटस्विच, म्हणजे पायाने दाबायचं बटण, घेतला.

डिलेबद्दल, म्हणजे स्वर थोड्या वेळाने परत ऐकवणाऱ्या परिणामाबद्दल, एक. गाण्याच्या लयीत बसला नाही तर तो ढोलकीच्या अंगावर येतो. 96 च्या लयीला एक मात्रा 625 मिलीसेकंदांची, लय 100 झाली की 600. ढोलकीवाला रंगात आला की लय इतकी सहज चढते. म्हणून पायाखाली टॅप (लयीत दाबून डिलेचा वेळ ठरवायचं बटण) असेल तरच लांब डिले, नाहीतर नाही. मी सध्या अगदी छोटा, एकदाच परतणारा डिले ठेवला आहे. तो लयीशी भांडत नाही.

आणि रेडियम. बाइकवर नावं चिकटवणाऱ्या दुकानातून दहा रुपयांचा रेडियमचा तुकडा आणला. प्रत्येक नॉबच्या काट्यावर तांदळाएवढा ठिपका लावला. व्हॉल्यूम आणि मिडल या दोन नॉबना काकांसारखी ट्यूब गुंडाळली. बाकीच्यांना नाही, म्हणजे अंधारात बोटांना हे दोनच खडबडीत लागतात.

गणपती, सातवा दिवस

मंडळाचा मंच. आरती आणि बक्षीस समारंभ यांच्यामध्ये आम्हाला जागा मिळाली. साउंडचेक नाहीच. वायरी जोडायला मिळाली सहा मिनिटं. साउंडवाल्या दादांनी स्पीकरसमोर एक एसएम 57 माइक लटकवला आणि म्हणाले, "ताई, तुमचा आवाज तुम्हीच सांभाळा, मला गायिकेकडे बघायचंय."

जनरेटर चालू होता आणि मागे एलईडीची भिंत. गिटारला सिंगल कॉइल पिकअप (तारांचा आवाज पकडणारी एकेरी गुंडाळी, ती आजूबाजूची विजेची गुणगुणही पकडते), त्यामुळे हम सुरू. पहिल्या गाण्यातच गेन दोन खुणा खाली घेतला आणि अंगाने थोडी वळून उभी राहिले. एलईडीच्या भिंतीशी काटकोनात आले तेव्हा हम बरीच उतरली. (हे करून बघा, पैसे लागत नाहीत.) तिसऱ्या गाण्यात पुन्हा तोच प्रसंग, खालचा चिखल. या वेळी कॉर्ड धरला, उजवा हात मागे नेला, रेडियमचा ठिपका 10 वरून 9 वर आणला आणि समेला हजर झाले. गायिका वळली नाही. ढोलकीवाल्याने मात्र माझ्याकडे बघून भुवई उडवली.

चौथ्या गाण्यात गडबड झालीच. लेझीमवाली मुलं मंचावर चढली, एकाचा पाय फूटस्विचवर पडला आणि क्लीनच्या जागी क्रंच सुरू झाला, तोही अभंगात. पॅनल दाबलं. कार्यक्रमाआधी नॉब क्लीनच्या जागी लावून ठेवले होते, त्यामुळे दुसऱ्या ओळीला आवाज जागेवर आला. ही सवय आता कायमची: स्टेजवर चढण्याआधी नॉब सर्वांत साध्या टोनला लावून ठेवायचे, साठवलेलं कितीही असो.

कोजागिरी

सोसायटीची गच्ची. चंद्र ढगाआड, दूध आटतंय. दहा वाजता उघड्यावरचा आवाज बंद करायचा असतो, म्हणून पावणेदहाला शेवटचं गाणं घेतलं आणि बाडबिस्तरा खाली सोसायटीच्या बंद हॉलमध्ये हलवला. तिथे पॉवरचा नॉब 50 वरून 0.5 वॉटवर. टोन तसाच राहिला, आवाज बैठकीचा झाला. गायिकेने माइक ठेवून दिला आणि नुसत्या गळ्याने गायली. खालच्या आवाजात बास पुन्हा हरवला, तेव्हा ठिपका 9 वरून 12 वर घेतला. जूनमधल्या अंतऱ्यात जे जमलं नव्हतं तेच, फक्त उलट्या दिशेने, आणि आवर्तन पुरं व्हायच्या आत.

डिसेंबरात ठाण्याला मोठ्या नाट्यगृहात कार्यक्रम आहे. तिथले साउंडवाले माइकऐवजी थेट वायर मागतात. माझ्या अँपच्या हेडफोन-रेकॉर्डिंगच्या जॅकमधून वायर काढली की त्याचा स्पीकर बंद होतो, मग मला स्वतःचा आवाज मॉनिटरमधूनच घ्यावा लागेल. पुढच्या रविवारी गोदामात तेच करून बघायचं आहे, कीबोर्डवाल्याचा मॉनिटर उधार घेऊन. फूटस्विचसाठी लाकडाची छोटी पेटीही सुताराकडे टाकली आहे, वरून कोणाचा पाय पडू नये अशी.