नवा बेल्ट टाकूनही गाडी किंचाळत होती

पावसाळा सुरू झाला आणि आमची गाडी सकाळी सकाळी किंचाळायला लागली. स्टार्टर मारला की चीईईई, पाचसात सेकंदांनी बंद. मग एसी लावला की आवाज यायला लागला आणि जून संपेपर्यंत तर नुसती न्यूट्रलला उभी असली तरी चिक चिक चिक चालूच. मी साताऱ्याहून पुण्याला जायला पहाटे साडेपाचला निघते, समोरच्या घरात तान्हं बाळ आहे, रोज किल्ली फिरवताना जीव मुठीत.

गॅरेजला नेली. बोनेट उघडलं, एका मिनिटात निदान, फॅन बेल्ट (इंजिनाच्या जोरावर एसीबिसी फिरवणारा रबरी पट्टा) गेलाय. टाकला नवा, मजुरीसकट साडेनऊशे रुपये. तीन आठवडे शांत गेले आणि परत तेच. परत गेले तर बेल्टवर कसला तरी स्प्रे मारून दिला, दोन दिवस बरं वाटलं आणि मग आवाज आणखी चढला. तो स्प्रे कृपा करून मारून घेऊ नका, चिकट असतो, धूळ धरून बसतो आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

शेवटी बाबा त्यांच्या ओळखीच्या मिस्त्रीकाकांकडे घेऊन गेले. काकांनी पहिलं काय विचारलं तर, "ताई, पाणी मारून बघितलं का कुणी?"

ही पाण्याची टेस्ट मला आधी माहीत असती तर बेल्टचे पैसे वाचले असते. इंजिन चालू ठेवायचं, बाटलीतलं थोडं पाणी बेल्टच्या खाचांच्या बाजूवर सोडायचं आणि कान द्यायचा. आवाज वाढला तर बेल्ट घसरतोय, म्हणजे तो ढिला आहे, झिजलाय किंवा त्याला ताणून धरणाऱ्या टेन्शनरचा स्प्रिंग मेलाय. आवाज एकदम थांबला आणि काही सेकंदांनी परत आला तर बेल्ट ज्या चाकांवरून फिरतो त्यातली एखादी पुली सरळ रेषेत नाही, बेल्टची कड तिथे घासतेय, पाण्याने तेवढ्यापुरतं वंगण मिळतं. हे करताना ओढणी, मोकळी बाही, मोकळे केस काहीही बेल्टजवळ जाऊ द्यायचं नाही, आणि रेडिएटरचा इलेक्ट्रिक पंखा आपोआप कधीही सुरू होतो तेही लक्षात ठेवा.

आमचा आवाज थांबला आणि काकांनी सात मोजेपर्यंत परत आला.

मग इंजिन बंद करून बेल्ट उतरवला (उतरवायच्या आधी तो कुठून कसा फिरलाय याचा मोबाइलवर फोटो काढला, नाहीतर परत बसवताना डोकं फिरतं) आणि काकांनी मला एकेक पुली हाताने फिरवायला सांगितली. बॅटरी भरणाऱ्या अल्टरनेटरची गुळगुळीत, एसीची ठीक. मधल्या आयडलर पुलीला (ही काही चालवत नाही, बेल्टला नुसती वाट देते) हात लावला आणि आत वाळू असल्यासारखी खरखर बोटांना लागली. अंगठ्याने दाबलं तर चक्क तिरकी होत होती. बेरिंगच्या कडेला तपकिरी गंजाची पावडर. आणि तो तीन आठवड्यांचा बेल्ट उजेडात धरला तर एकाच कडेचे दोरे सुटून केसांसारखे बाहेर आलेले, दुसरी कड नवीकोरी. मला खरंच वाईट वाटलं, चांगला बेल्ट त्या पुलीने खाल्ला होता.

सकाळीच जास्त का ओरडायचा हेही काकांनी सांगितलं. स्टार्टरने बॅटरी थोडी उतरलेली असते, ती भरायला अल्टरनेटर जोर लावतो, तो ओढा सगळा बेल्टवर येतो, वर पावसाची ओल. एसीचा कॉम्प्रेसर लागला की तसंच. खूप गाड्यांत इंजिन थंड ठेवणारा वॉटर पंपसुद्धा ह्याच बेल्टवर असतो, म्हणून आवाज मनावर घ्यायचा. बेल्ट तुटला की बॅटरीचा लाल दिवा लागतो, हायड्रॉलिक असेल तर स्टेअरिंग जड होतं आणि पंप त्याच्यावर असेल तर इंजिन तापायला लागतं, तिथेच बाजूला घेऊन बंद करायचं, पुढचा पेट्रोलपंप गाठू वगैरे अजिबात नाही. इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर चालवणारा टायमिंग बेल्ट वेगळा, तो कव्हरच्या आत असतो, त्याच्यावर पाणीबिणी काही मारायचं नाही.

अजून एक, जुने बेल्ट चिरा पडून सांगायचे की आता बदला. हल्लीचे ईपीडीएम रबराचे बेल्ट सहसा चिरत नाहीत, टायरसारखे झिजतात, त्यामुळे चिरा नाहीत म्हणजे बरा आहे असं धरू नका, खाचांची खोली बघा. आणि पाठीवरचा नंबर टिपून ठेवा, ६पीके असेल तर सहा धारा आणि पुढचा आकडा म्हणजे मिलिमीटरमध्ये लांबी, दुकानात तेवढं सांगितलं की पुरतं.

आयडलर सहाशेला मिळाला, बेल्ट परत नवा घ्यावा लागला, काम पाऊण तासात झालं. बसवल्यावर काकांनी परत पाणी मारलं, आवाजात काहीच फरक नाही कारण आवाजच नव्हता.

परवा पुण्याहून येताना खंबाटकी घाटात धो धो पाऊस होता. वायपर, हेडलाइट, एसी सगळं चालू ठेवून चढले आणि एका वळणावर काच चार बोटं खाली करून मुद्दाम ऐकलं. पाऊस आणि इंजिन, बाकी काही नाही.