हातपाय मारायचे नाहीत, नुसतं तरंगायचं

पुण्याच्या टिळक टँकवर मी पोहायला शिकले तेव्हा काठावरून सरांचं एकच ओरडणं असायचं, हातपाय मारा, हातपाय मारा! ते इतकं अंगात मुरलं की पंचवीसेक वर्षांनी अंदमानात, स्वराज द्वीपला म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकला, पहिल्यांदा स्नॉर्केलिंगला, म्हणजे मास्क आणि श्वासाची नळी लावून, समुद्रात तोंड घातलं आणि तेच केलं. मासे दिसले, पण सगळ्यांच्या शेपट्याच, लांब पळताना. अर्ध्या तासात दमले, मास्कमध्ये पाणी, नळीतून एक मोठा घोट खारं पाणी पोटात, आणि रडकुंडीला येऊन बोटीत जाऊन बसले. बरोबरचा गाईड तिथलाच पोरगा, तो शांतपणे म्हणाला, दीदी, मछली के पीछे मत जाओ, रुकोगे तो वो खुद आएगी.

त्याचं म्हणणं मला पटलं ते दोन दिवसांनी, शहीद द्वीपच्या, म्हणजे पूर्वीच्या नील बेटाच्या, भरतपूर बीचवर, आणि तेही आईमुळे. आई ६३ वर्षांची, पोहता अजिबात येत नाही. लाईफ जॅकेट घालून ती हवेच्या रिंगला दोन्ही हातांनी धरून पालथी पडली आणि गाईड तिला हळूहळू ओढत नेत होता, तिला हातपाय मारायची सोयच नव्हती, ती आपली लाकडाच्या ओंडक्यासारखी तरंगत होती, आणि सगळ्यात जास्त तिलाच दिसलं! मी लगेच पाय बंद केले, हात छातीशी घेतले, श्वास लांब केला. दोनतीन मिनिटं काहीच नाही. मग खाली जे दगड वाटत होते त्यांच्या फटीफटीतून एकेक जण बाहेर यायला लागला.

आधी कानाला कळलं. कुर्रम कुर्रम, कोणीतरी शेजारी बसून खडीसाखर फोडतंय असा आवाज. पोपटमासा! निळा-हिरवा, तोंडाला खरोखर चोच, आणि त्या चोचीने तो प्रवाळाचे (कोरल, म्हणजे बारीक समुद्री जीवांनी बांधलेले) दगड खरवडून वरचं शेवाळ खात होता. खाल्लेल्या दगडाचं आत पीठ होतं आणि मागून वाळू पडते, पांढरी धुरासारखी, ती मी डोळ्यांनी पाहिली. अशा बेटांवरच्या पांढऱ्या वाळूत या माशांचा मोठा वाटा असतो. आईला हे सांगितल्यावर ती बीचवर जरा जपूनच बसली :)

मग समुद्रफूल, म्हणजे अॅनिमोन, फुलासारखा दिसणारा प्राणी, आणि त्यात ते नारिंगी-पांढरे पट्ट्यांचे क्लाउनफिश. त्या फुलाच्या डंखाने बाकीचे मासे मरतात, यांच्या अंगावरच्या बुळबुळीत थरामुळे यांना काही होत नाही. एका फुलात एक कुटुंब आणि त्यात सगळ्यात मोठी ती मादी, तीच मुख्य. ती मेली की तिचा नर स्वतः मादी होतो आणि बाकीच्या लहानांतला एक त्याच्या जागी येतो. तळहाताएवढा सुद्धा नाही तो मासा, पण मी जरा खाली झुकले तर थेट माझ्या मास्कवर चालून आला. मी मागे झाले, घर त्याचं आहे.

आईच्या बोटात मंगळाचं पोवळं आहे, तिला वाटलं खाली सगळं तसंच लालभडक असणार. ते लाल पोवळं वेगळं, भूमध्य समुद्रातल्या खोल पाण्यातलं. इथलं जिवंत प्रवाळ जास्त करून तपकिरी, हिरवट, मधेच जांभळं, आणि तो रंग त्याच्या अंगात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाचा. शैवाल उन्हावर अन्न बनवतं, प्रवाळाचं बहुतेक पोट त्यावरच भरतं. पाणी फार तापलं की प्रवाळ त्या शैवालाला बाहेर टाकतं आणि पांढरंफटक पडतं, तसंच बरेच आठवडे राहिलं तर मरतं. अंदमानात २०१० ला हे फार मोठ्या प्रमाणात झालं, २०१६ ला पुन्हा. आम्हाला काही ठिकाणी खाली नुसता राखाडी काटक्यांचा ढीग दिसला, त्यावरून पोहताना घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं.

आणि याच्यावर लोक उभे राहतात हो! शेजारच्या बोटीतली चार माणसं फोटोसाठी थेट प्रवाळावर पाय देऊन उभी होती आणि त्यांचा गाईड माशांना ब्रेडचे तुकडे टाकत होता. आमच्या गाईड पोराने ओरडून सांगितलं, मीही सांगितलं, ऐकलं नाही. गोल दगडासारखं ते प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतं, म्हणजे पायाखाली चुरडलेला तुकडा आईच्या वयाचा असू शकतो. मला अजून तो राग आहे. वाळूवरचं मेलेलं प्रवाळसुद्धा उचलू नका, वन्यजीव कायद्यात त्याला वाघाच्याच यादीत संरक्षण आहे आणि विमानतळावर बॅगा तपासतात. सनस्क्रीनऐवजी पूर्ण बाह्यांचा टीशर्ट घाला, आणि भरतीची वेळ विचारूनच उतरा, ओहोटीला पाणी इतकं कमी होतं की पोट घासतं, तुमचंही आणि प्रवाळाचंही.

शेवटी परत फिरलो तेव्हा खाली समुद्री गवत लागलं, आणि गाईडने आईचा खांदा दाबून बोट दाखवलं. कासव. कोकणात वेळासला आम्ही कासवाची पिल्लं समुद्रात जाताना पाहिली होती, ती ऑलिव्ह रिडलेची, मुठीत मावतील एवढी. हे हिरवं कासव, जेवणाच्या टेबलाएवढं वाटलं, पाण्यात सगळं मोठं दिसतं हे धरूनही. निवांत गवत तोडत होतं, गायीसारखं, मान जराशी वळवून. आम्ही तिघं जागच्या जागी. मी आईकडे बघितलं तर तिने रिंग सोडून दिली होती आणि पाण्यात दोन्ही हात जोडले होते, देवळात गाभाऱ्यासमोरच्या कासवाला जोडते तसेच. रिंग नाही, हात नाहीत, आणि ती तरंगत होती.

मग कासव वर आलं, आमच्यापासून चारपाच हातांवर डोकं बाहेर काढलं, फुस्स करून श्वास घेतला आणि परत खाली गवताकडे गेलं.